साय-फाय युद्धपटाचं कथानक कसं उलगडायचं: ‘एज ऑफ टुमॉरो’ समोर ठेवून

साय-फाय युद्धपट पाहून आलेल्याला कथानक विचारा, तो बहुतेक वेळा लढाया सांगतो. आधी किनाऱ्यावरची, मग धरणावरची, शेवटी पॅरिसमधली. लढाया मोठ्या आणि दणदणीत असतात, म्हणून लक्षात राहतात. पण गोष्ट त्यांच्यात क्वचितच वळते. कुणाला तरी नवीन काही कळतं तिथे ती वळते, किंवा कुणी मागे न घेता येणारा निर्णय करतो तिथे. साय-फायमध्ये यात आणखी एक भर पडते: त्या जगाचा नियम. मेलेला माणूस पुन्हा काल सकाळी जागा होतो, शत्रूचं रक्त आम्लासारखं धातू जाळत जातं, असे नियम. युद्धाची मोहीम हा एक धागा आणि नियम हा दुसरा. या दोघांची गाठ कुठे कुठे पडते हे शोधलं की रचनेचं निम्म्याहून अधिक काम झालं.

उदाहरणासाठी डग लायमन दिग्दर्शित ‘एज ऑफ टुमॉरो’ (२०१४) घेतला आहे. टॉम क्रूझ (मेजर केज) आणि एमिली ब्लंट (सैनिक रिटा) यांचा हा सिनेमा हिरोशी साकुराझाका यांच्या २००४ सालच्या जपानी कादंबरीवर आधारित आहे आणि त्याची लांबी ११३ मिनिटं आहे. परग्रहावरच्या शत्रूशी चाललेल्या युद्धातला एकच दिवस पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे यात रचनेचे सांधे उघडे दिसतात, म्हणून शिकायला फार चांगला. पुढे शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

आधी प्रत नक्की करा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण इथे चुकलं तर पुढचे सगळे आकडे चुकतात. ‘एलियन्स’ (१९८६) थिएटरमध्ये १३७ मिनिटांचा होता, नंतरची विस्तारित आवृत्ती १५४ मिनिटांची आहे. फरक नुसता १७ मिनिटांचा नाही. विस्तारित आवृत्तीत हल्ल्याआधीची, माणसांनी गजबजलेली वसाहत आपल्याला दाखवली जाते. थिएटरच्या आवृत्तीत आपण सैनिकांबरोबरच तिथे पहिल्यांदा पोचतो आणि ती ओस पडलेली असते. म्हणजे प्रेक्षकाला काय आधीच ठाऊक आहे, हेच बदललं. दोन आवृत्त्यांची रचना वेगळी आहे आणि विश्लेषणात कोणती पाहिली ते लिहायलाच हवं.

जुन्या पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या टीव्ही मानकाच्या) डीव्हीडीवर पाहत असाल तर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी चालतात, त्यामुळे सिनेमा सुमारे चार टक्के लवकर संपतो. ११३ मिनिटांचे साधारण साडेएकशे आठ होतात. दुसऱ्याच्या नोंदींशी तुमच्या वेळा जुळेनात तर आधी हे तपासा. टीव्हीवरची काटछाट केलेली प्रत तर घेऊच नका. आणि आपल्याकडच्या थिएटरातलं मध्यंतर परदेशी सिनेमाच्या दिग्दर्शकाने ठरवलेलं नसतं, त्यामुळे “मध्यंतराला असं असं झालं” याला रचनेच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

नोंदवही

पहिल्यांदा पाहताना काहीही लिहू नका. कुठे श्वास रोखला, कुठे लक्ष उडालं एवढं पाहून झाल्यावर चार ओळींत उतरवा. नंतर ते उपयोगी पडतं, कारण दुसऱ्यांदा पाहताना ती ताजी प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही.

दुसऱ्या वेळी थांबवत थांबवत पाहा. ११३ मिनिटांच्या सिनेमाला चार-पाच तास धरा. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने पुरतात: वेळ, ठिकाण, या प्रसंगात कुणाला काय हवंय, आड काय येतंय, प्रसंग संपताना काय बदललं, आणि कुणाला काय कळलं. शेवटचा रकाना लोक गाळतात. या प्रकारात तोच सगळ्यात मोलाचा. त्यात तीन कप्पे करा: नायकाला, शत्रूला, प्रेक्षकाला.

ओळ कधी बदलायची? कॅमेरा बदलला म्हणून नाही, जागा बदलली म्हणूनही नाही. कुणाची तरी इच्छा पुरी झाली, मोडली किंवा बदलली की नवी ओळ. किनाऱ्यावरची धुमश्चक्री दहा मिनिटं चालली तरी तिच्यात अशा दोनच ओळी निघू शकतात. उलट दोन माणसांच्या टेबलावरच्या बोलण्यातून चार निघतात. झटपट तुकड्यांची मालिका असेल, म्हणजे केजला प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा दुखापत होते आणि रिटा दर वेळी त्याला गोळी घालते तसली, तर ती सगळी मिळून एक ओळ धरा आणि बाजूला लिहा की या मालिकेच्या सुरुवातीला त्याला काय येत नव्हतं आणि शेवटी काय येतं. प्रत्येक मरणाला स्वतंत्र ओळ दिली तर वही भरेल आणि हाताला काही लागणार नाही.

दोन काळांचा आलेख

गोष्टीतला काळ आणि पडद्यावरचा काळ हे दोन वेगळे. युद्धपटात ते सहसा बरोबर चालतात. साय-फाय त्यांची फारकत करतं, म्हणून कागदावर मांडून पाहणं भाग आहे. आडव्या अक्षावर पडद्यावरची मिनिटं घ्या, उभ्या अक्षावर गोष्टीतला काळ.

‘एज ऑफ टुमॉरो’त उभ्या अक्षाचा तळ म्हणजे हीथ्रो विमानतळावरच्या लष्करी तळावर बेड्यांत जागा होणारा केज. त्याच्यावर क्रमाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणं, किनाऱ्यापलीकडचा रस्ता, शेतघर, जर्मनीतलं धरण. लंडनमधलं जनरलचं कार्यालय ही वेगळी फांदी, आणि पॅरिस सर्वांत वर. आता प्रत्येक फेरीत केज कुठवर पोचतो ते टिंबाने दाखवा आणि मरण आलं की रेघ खाली आणा. करवतीच्या दात्यांसारखी आकृती तयार होते. त्या दात्यांची सगळ्यात उंच टोकं जोडा. ती टोकांची रेघ म्हणजे या सिनेमाचं खरं कथानक.

ही रेघ तीन ठिकाणी फार बोलकी आहे. किनाऱ्यावर ती बराच वेळ अडकून राहते आणि तिथेच सिनेमा विनोदाला जागा देतो, कारण प्रगती थांबली तरी प्रेक्षक कंटाळू नये. शेतघरापाशी ती पुन्हा अडकते, पण या वेळी विनोद नाही. आणि शेवटच्या टप्प्यात दाते संपतात. एकच सरळ चढ उरतो, कारण पुन्हा जागं होण्याची सोय गेलेली असते. आकृतीतला हा बदल कागदावर दिसतो तेव्हा सिनेमाचा तिसरा भाग कुठे सुरू होतो यावर वाद घालायची गरजच राहत नाही.

आलेख फक्त कालचक्राच्या सिनेमांपुरता नाही. पॉल व्हर्होवेन यांचा ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९९७) क्लेंडाथू ग्रहावरच्या फसलेल्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणाने उघडतो आणि मग एक वर्ष मागे जातो. आलेखावर हा एकच मोठा दाता. पण त्याचा परिणाम असा की शाळा, प्रेम, भरती, कवायत हे सगळं आपण त्या हल्ल्याचं काय होणार हे जाणून पाहतो. पात्रांच्या उत्साहावर त्या माहितीची सावली पडते.

नियमांचा तक्ता

जगाचा प्रत्येक नियम एका ओळीत लिहा आणि त्याच्यापुढे चार गोष्टी: पहिल्यांदा दिसला कधी, शब्दांत सांगितला कधी आणि कुणी, नायकाला त्याचा फायदा कधी झाला, त्याने दगा कधी दिला.

‘एज ऑफ टुमॉरो’चे मुख्य नियम पाच. मेलं की दिवस पुन्हा सुरू होतो. ही शक्ती ‘अल्फा’ जातीच्या शत्रूचं रक्त अंगात गेल्याने येते. सगळ्यांच्या मागे एक ‘ओमेगा’ आहे आणि काळ मागे नेण्याची ताकद मुळात त्याची आहे. शक्ती असलेल्याला ओमेगाची दृश्यं दिसतात. आणि दुसऱ्याचं रक्त चढवलं की शक्ती जाते.

पहिला नियम आधी दिसतो, मग सांगितला जातो. केज अल्फाला सुरुंगाने उडवतो, त्याचं रक्त तोंडावर घेऊन मरतो आणि जागा होतो. आपल्यालाही त्याच्याइतकंच गोंधळायला होतं. चांगल्या साय-फायची ही रीत. आधी अनुभव येतो, खुलासा मागून येतो, आणि खुलासा येईपर्यंत प्रेक्षकाला त्याची भूक लागलेली असते.

पाचवा नियम उलट पद्धतीने येतो. व्हर्दूनच्या लढाईत रिटाकडे हीच शक्ती होती आणि जखमी झाल्यावर रक्त चढवल्यामुळे ती गेली, हे केवळ बोलण्यात सांगितलं जातं. त्या क्षणी ते तिच्या भूतकाळाबद्दलची माहिती वाटते. पुढे लंडनमधल्या पाठलागात गाडी आदळते, केज शुद्धीवर येतो तो रक्ताची नळी लावलेल्या अवस्थेत. एक वाक्यही न बोलता आपल्याला कळतं की सगळं संपलं. पेरणी आणि कापणी यांच्यात पडद्यावरचा बराच काळ गेलेला असतो, म्हणून धक्का बसतो. आणि पेरणी झालेली असते, म्हणून तो फसवणूक वाटत नाही. तक्त्यात पेरणीचा रकाना रिकामा आणि कापणीचा भरलेला दिसला, तर तिथे पटकथेने सोयीसाठी नियम आणला आहे, असं खुशाल लिहा.

‘एलियन्स’मध्ये याचं आणखी एक नमुनेदार उदाहरण आहे. सैनिक ज्या जागी शिरतात तिथे गोळीबार केला तर संयंत्राची शीतनयंत्रणा फुटेल, म्हणून ऐन वेळी त्यांच्याकडची काडतुसं काढून घेतली जातात. सर्वांत बलाढ्य तुकडी क्षणात दुबळी होते. शत्रू ताकदवान आहे एवढ्यावर पराभव आणला असता तर तो नुसता योगायोग ठरला असता. इथे जागेचाच नियम मोहिमेच्या आड आला. दोन धाग्यांची गाठ म्हणतो ती ही.

वळणं ओळखायची कशी

मोठ्या वळणांसाठी दोन कसोट्या लावा. पहिली: या प्रसंगानंतर नायकाला आधीच्या आयुष्यात परतता येतं का? दुसरी: सिनेमाचा मुख्य प्रश्न बदलला का? दुसरी कसोटी अधिक भरवशाची आहे, खास करून कालचक्राच्या सिनेमात, कारण तिथे ‘परतता येणं’ हाच खेळ आहे. केज रोज परततो. म्हणून दर टप्प्याला प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहा.

सुरुवातीला प्रश्न असतो: प्रसिद्धी विभागातला हा मेजर लढाईतून निसटतो का? जनरल ब्रिगम त्याला आघाडीवर जायला सांगतो, हा नकार देतो, धमकीही देतो आणि शिक्षा म्हणून साधा शिपाई होऊन हीथ्रोला पोचतो. पहिल्या मरणानंतर प्रश्न होतो: हे काय चाललंय आणि किनाऱ्यावरून जिवंत निघता येईल का? रिटा भेटल्यावर: ओमेगापर्यंत पोचता येईल का? मग शेतघर येतं.

या प्रसंगावर वेळ घालवा, सिनेमाचा कणा तिथे आहे. केज आणि रिटा एका ओसाड शेतघरात पोचतात, तिथे हेलिकॉप्टर आहे. केज तिच्यासाठी कॉफी करतो आणि न विचारता साखर घालतो, तिला हवी तेवढीच. तिच्या लक्षात येतं की हा इथे आधी आलेला आहे, कैक वेळा आलेला आहे, आणि तिच्यापासून काहीतरी लपवतोय. हेलिकॉप्टर सुरू केलं की ती मरते आणि कशानेही ते टळत नाही, हे तो जाणून आहे. वहीतला शेवटचा रकाना इथे पाहा: केजला सगळं ठाऊक, रिटाला काही नाही, आणि प्रेक्षक तोवर केजबरोबर असूनही त्याला या आधीच्या फेऱ्या दाखवलेल्याच नाहीत. आपण पहिल्यांदाच नायकाच्या मागे पडतो आणि रिटाच्या बाजूला जाऊन उभे राहतो. मरण स्वस्त झालेल्या सिनेमात पुन्हा किंमत आणायची कशी, या अवघड प्रश्नाचं उत्तर पटकथेने एका कपातून दिलंय. नवा प्रश्न आता असा: ही बाई मरणार असेल तर जिंकायचं कशाला?

पुढच्या फेरीत तो तिला टाळून एकटाच निघतो, धरणापाशी पोचतो आणि ओमेगा तिथे नसतोच. दृश्यं दाखवून शत्रूनेच त्याला सापळ्यात ओढलं होतं. चौथा नियम इथे दगा देतो. शेतघर आणि धरण मिळून सिनेमाचा मधला कणा होतो; दोनपैकी एकच बिंदू निवडायचा हट्ट धरू नका.

मिनिटांचं काय? पटकथेच्या शिकवणीत २५, ५०, ७५ टक्क्यांचे टप्पे सांगतात. ११३ मिनिटांना ते साधारण २८, ५६ आणि ८५ मिनिटांवर येतात. आधी वळणं शोधा, मग त्यांच्या वेळा या आकड्यांशी ताडून पाहा. उलटं केलंत, म्हणजे २८व्या मिनिटाला काय आहे ते पाहून त्यालाच वळण म्हटलंत, तर काहीही सिद्ध होतं. पाचेक मिनिटांचा फरक सोडून द्या. दहाहून जास्त असेल तर मात्र विचारा: हा भाग लांबवला का, आखडता घेतला का?

नाट्यशास्त्राची ओळख असलेल्यांना पंचसंधींची फूटपट्टी इथे उत्तम चालते. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण यांपैकी गर्भात यश हाताशी येतं आणि निसटतं. किनाऱ्यापासून धरणापर्यंतची सगळी करवत तिथे बसते. लंडनमध्ये ओमेगाचा खरा ठाव लागतो, तो पॅरिसला लूव्हरखाली, आणि त्याच दमात शक्ती जाते. विमर्शाची, म्हणजे हाताशी आलेल्या यशावर विघ्न येण्याची, याहून नेमकी जागा दुसरी सापडणार नाही.

युद्धाचा धागा

युद्धपटाची ओळखीची चढण अशी: भरती, प्रशिक्षण, पहिली लढाई, हानी, अंतिम मोहीम. तुमच्या सिनेमाने ती कुठे मोडली हे पाहा. ‘एज ऑफ टुमॉरो’त पहिली लढाई प्रशिक्षणाच्या आधी येते. बंदुकीचा सेफ्टी लॉक कसा काढायचा हेही ठाऊक नसताना केजला किनाऱ्यावर टाकतात. त्यामुळे पुढचं प्रशिक्षण नुसती तयारी राहत नाही. तो काय टाळायला शिकतोय हे आपण पाहिलेलं असतं.

शिवाय लष्कर, तुकडी, जोडी या तीन पातळ्या वेगळ्या नोंदवा. लष्कराच्या पातळीवर मोहीम दर फेरीत फसतेच. जोडीची गोष्ट मधल्या भागात पुढे सरकते. केज ज्या तुकडीत शिपाई आहे ती जे-तुकडी बराच वेळ पार्श्वभूमीला राहते आणि शक्ती गेल्यावर पुढे येते, कारण आता केजकडे फक्त त्या माणसांबद्दलची जमवलेली माहिती उरलेली असते आणि तिच्याच जोरावर तो त्यांना पॅरिसला यायला तयार करतो.

इतिहासाचे दुवेही टिपा, पण रचनेला लागू पडतात तेवढेच. ब्रिटनमधून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणारं सैन्य पाहिलं की ६ जून १९४४, म्हणजे दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं तो दिवस आठवतो, आणि अमेरिकेत हा सिनेमा प्रदर्शित झाला तोही ६ जूनलाच, ७० वर्षांनी. व्हर्दून हे पहिल्या महायुद्धातल्या १९१६च्या लढाईचं नाव. सिनेमातल्या मोहिमेचं ‘डाउनफॉल’ हे नाव दुसऱ्या महायुद्धात जपानवरच्या, कधीच न झालेल्या स्वारीच्या योजनेचं होतं. प्रेक्षकाला या किनाऱ्यावरचा विजय ओळखीचा असतो, म्हणून इथला संहार त्याला अधिक हादरवतो.

शेवट तपासताना

शेवट आवडला की नाही हा वेगळा प्रश्न. आधी नियमांचा तक्ता काढा. केज ओमेगाला मारतो, मरता मरता त्याच्या रक्तात मिसळतो आणि जागा होतो, पण हीथ्रोला नाही. त्याच्याही आधी, जनरलला भेटायला लंडनला येताना, हेलिकॉप्टरमध्ये, पुन्हा मेजर म्हणून. आणि बातम्यांत पॅरिसमधल्या शत्रूचा पाडाव झालेला असतो. रक्तातून शक्ती येते, हे दुसऱ्या नियमाशी जुळतं. जागं होण्याची वेळ आधी का सरकली आणि ओमेगा मेलेलाच कसा राहिला, याचं उत्तर तक्त्यात सापडत नाही. भावनेच्या बाजूने वर्तुळ पुरं होतं: निसटू पाहणारा माणूस आता स्वतःहून हीथ्रोला जातो. नियमाच्या बाजूने हिशेब उघडा राहतो. दोन्ही लिहा. आवडत्या सिनेमासाठी स्वतःच्या पदरचे खुलासे देऊन खड्डा बुजवणं हा विश्लेषणातला सगळ्यात सर्रास होणारा घोळ आहे.

दुसरा घोळ म्हणजे शत्रूला नुसता अडथळा समजणं. ओमेगाची बाजू घेऊन अख्खी गोष्ट पाच वाक्यांत लिहून पाहा: त्याला काय हवं होतं, त्याने कधी काय ओळखलं, सापळा कधी रचला. वाक्यं जुळली तर पटकथा भक्कम आहे. शत्रूची एखादी चाल केवळ दृश्य भव्य व्हावं म्हणून आलेली असेल तर ती इथे लगेच उघडी पडते. आशय आणि रचना यांची गल्लतही नेहमीची: “हा सिनेमा युद्धाच्या निरर्थकतेबद्दल आहे” हे वाक्य खरं असलं तरी कोणता प्रसंग कोणाच्या आधी का येतो, हे त्याने कळत नाही.

लिहायला बसल्यावर

आठशे ते हजार शब्द पुरे. कथासार शंभर शब्दांत आटपा. त्याच्याही आधी, पहिल्याच परिच्छेदात, एक दावा मांडा जो चुकीचाही ठरू शकतो. “रचना गुंतागुंतीची आहे” हा दावा नव्हे. “शक्ती जाण्यापेक्षा शेतघरातली कॉफी हे मोठं वळण आहे” हा दावा आहे. त्यावर कुणी तरी नाही म्हणू शकतो. मग तीन प्रसंग पुराव्याला घ्या, त्यांतला एक तुमच्या दाव्याला अडचणीत आणणारा असू द्या. प्रत्येकाची वेळ आणि आवृत्ती द्या, आलेख सोबत जोडा. आणि पहिल्यांदा पाहताना लिहिलेल्या त्या चार ओळी काढून वाचा: जिथे लक्ष उडालं होतं तिथे नोंदवहीत काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा त्या ओळींसमोर “काय बदललं” हा रकाना रिकामा सापडतो.